सव्वाचार आण्यांची नीती

"दामले, या गावाला नीती आहे की नाही?" सबनीस सरांनी तक्ता माझ्याकडे सरकवत विचारलं.

"आहे सर. सव्वाचार आणे."

"सोळापैकी?"

"सोळापैकी."

सरांना काळजी वाटेल अशी माझी समजूत होती. त्यांना आनंद झाला. खरं सांगायचं तर मलाही झाला होता.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याहून मानसशास्त्रात एम.ए. करून उस्मानाबादला एका संशोधन केंद्रात लागलो होतो. आता जिल्ह्याला धाराशिव म्हणतात, पण माझ्या चुका उस्मानाबादच्याच नावावर जमा आहेत. केंद्र म्हणजे भुसार मालाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. डॉ. सबनीस आमचे संचालक. माझी नोकरी हंगामी, दर सहा महिन्यांनी सरांच्या सहीनं वाढायची. मार्चमध्ये ती कायम व्हायची होती, अर्थात सरांनी शिफारस केली तर.

त्या वेळी लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. शेतात काही उरलं नव्हतं, म्हणून एका योजनेतून वाशी-परंडा भागातल्या गावांत दूध सोसायट्या काढायचं ठरलं. पीक नाही तर निदान म्हशीवर घर चालेल, असा विचार. अर्ज बारा गावांचे आले, दूध केंद्रं पाचच मिळणार होती. योजनेच्या समितीला एक धास्ती होती. सोसायटी थाटात निघते आणि वर्षात बुडते. कोणी दुधात पाणी घालतो, कोणी चेअरमनच्या मेव्हण्याचं दूध आधी मापतो. सरांनी समितीला पटवून दिलं की म्हशी नंतर बघा, आधी माणसं तपासा. ज्या गावात नैतिक दृढप्रत्यय जास्त, त्या गावाला केंद्र आधी द्या.

दृढप्रत्यय हा शब्द सरांचा. इंग्रजीत मॉरल कन्व्हिक्शन. साध्या भाषेत सांगतो. मला कारलं आवडत नाही, ही आवड झाली. पंगतीत मीठ पानाच्या डाव्या बाजूला वाढतात, उजवीकडं मुळीच नाही, ही रीत झाली. या दोन्हींवरून माणूस हमरीतुमरीवर येऊ शकतो. पण तिसरीही एक गोष्ट असते. "हे चूक आहे, कुणीही केलं तरी चूक आहे," असं माणूस म्हणतो ती. आम्हाला ती तिसरी मोजायची होती. अडचण अशी की बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. आवाज तेवढाच चढतो.

मी दहा वाक्यांचा फॉर्म केला. 'दुधात पाणी घालणं चूक आहे.' 'ओळखीच्या माणसाचं दूध आधी मापणं चूक आहे.' 'सगळ्या जातींच्या सभासदांचं दूध एकाच कॅनमध्ये घेतलं पाहिजे.' अशी. प्रत्येकापुढं पाच उत्तरं: पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ, आणि असंच खाली. फॉर्म घेऊन मी वाशीच्या रस्त्यावरच्या एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. माझं सांगितलं तेवढं पुरे.

तिथं भगवानतात्या भेटले. गावात सोसायटी यावी म्हणून अर्ज यांनीच केला होता. दोन म्हशी, चार एकर कोरडवाहू आणि तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालायची न संपणारी ताकद. त्यांनी फॉर्म हातात घेऊन लांब धरला.

"अंशतः सहमत म्हंजे काय, साहेब?"

"म्हणजे थोडं पटतं, थोडं पटत नाही."

"थोडं पटतंय म्हंजे पटत न्हायच की."

"तटस्थ म्हणजे..."

"ते ऱ्हाऊ द्या. व्हय लिवा सगळीकडं."

दिवसभरात एकोणीस माणसांनी सगळीकडं व्हय लिहायला सांगितलं. अशा फॉर्मचा उपयोग नसतो. सगळ्यांना सारखा ताप दाखवणारा थर्मामीटर डॉक्टर फेकून देतो.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर चहा पीत होतो. शेजारचा म्हातारा कुणाबद्दल तरी म्हणाला, "त्याचं म्हणणं सोळा आणे खरं हाय. पर त्याचा भाऊ बोलतोय त्यातलं चार आणे धरा." माझ्या हातातला कप तसाच राहिला. इथल्या लोकांकडं सोळा भागांची मोजपट्टी तयारच होती की! मी आपला पुण्याहून पाच भागांची वाहून आणतोय! रात्रीच्या एसटीची वाट न बघता मी तिथंच वहीच्या मागच्या पानावर सोळा गोल काढले. सरांना दाखवल्यावर ते म्हणाले, "दामले, ही देशी मोजपट्टी आहे. यावर निबंध होईल." त्या आठवड्यात मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो.

पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो. या वेळी केंद्राची जीप होती. बसायला जागा हवी म्हणून चावडी मागून घेतली, कारण तिथं टेबल होतं. मागच्या भिंतीवर गावाचा नकाशा, पुढं मी, हातात क्लिप लावलेला पुठ्ठा. एकेकाला आत बोलावलं.

"दुधात पाणी घालणं चूक आहे, असं तुम्हाला किती आणे वाटतं?"

पहिला माणूस माझ्याकडं बघत राहिला, मग नकाशाकडं, मग जीपकडं.

"धरा चार."

"चारच?"

"यंदा पाऊसच न्हाय, साहेब."

हे उत्तर मी शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलं आणि खाली रेघ मारली. दुसऱ्यानं साडेतीन सांगितले. तिसऱ्यानं आधी पाच सांगितले, दारातून भगवानतात्या खोकले, तेव्हा साडेचार केले. "गेल्या साली किती आणे वाटलं असतं?" मी हुशारीनं विचारलं. "गेल्या साली बी लई न्हाय. पाच धरा." म्हणजे पाऊस कमी होईल तशी नीतीही उतरत होती! एवढा सरळ संबंध मी पुस्तकातसुद्धा पाहिला नव्हता. मी सारखा शेरे लिहीत होतो आणि मनात निबंधाचं शीर्षक जुळवत होतो.

दुपारनंतर सुगंधाबाई आल्या. बौद्ध वस्तीतल्या, पन्नाशीच्या आसपास, नवरा वारलेला, एक म्हैस. "जयभीम साहेब," म्हणून समोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या. पहिल्या दोन प्रश्नांना चार-चार आणे. तिसरा विचारला, एकाच कॅनचा.

"सोळा."

दारातून तात्या म्हणाले, "सुगंधाबाई, जरा इचार करून सांगा. कमी धरा."

"ह्यात कमी कसं धरू, तात्या?"

"आवो, गावाचं नुकसान व्हईल."

"व्हईल तर व्हईल. सोळाच लिवा, साहेब."

मी सोळा लिहिले. पुढच्या सात प्रश्नांना त्यांनी पुन्हा मुकाट्यानं चार-चार आणे सांगितले. कचेरीत आल्यावर सरासरी काढताना तो सोळा मला सलायला लागला. सगळं गाव चाराच्या आसपास आणि मध्येच हा एक खांब. पुस्तकात अशा आकड्याचा उपाय दिलेला असतो. मी शाईनं त्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं: 'प्रश्न समजलेला नाही.'

मग सुरुवातीला सांगितलेला संवाद झाला. बाकीच्या गावांत ही पट्टी दुसऱ्या एका सहायकानं वापरली होती. तो आळशी होता, चावडीपर्यंत न जाता मारुतीच्या पारावर बसून गप्पा मारत विचारायचा. त्याच्या गावांची नीती दहा-बारा आणे निघाली. माझं गाव यादीत सगळ्यांत खाली गेलं.

अहवाल द्यायच्या आधी काही फॉर्मवर अंगठे घ्यायचे राहिले होते, म्हणून मी परत गेलो. तात्यांनी घरी बसवून चहा दिला.

"मंग? कधी जाहीर व्हतंय?"

"काय?"

"दुष्काळ."

मी म्हटलं, ते माझं काम नाही. तात्या डोळे बारीक करून हसले.

"आता आमच्यापशी कशाला झाकता? आमी काय आज आणेवारी बघतोय व्हय? एका माणसाला पाचाच्या वर जाऊ दिलं न्हाय. फकस्त ती सुगंधाबाई ऐकंना."

आणेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. पूर्ण पीक आलं तर सोळा आणे. ठरलेल्या आकड्याच्या खाली आलं तर दुष्काळ जाहीर होतो, सारा तहकूब होतो, कामं निघतात, चारा मिळतो. कागदावर तेव्हा पैशांत लिहायचे, पण तोंडी सगळे आणेच म्हणायचे. हा शब्द मी पेपरात वाचला होता आणि वाचून पान उलटलं होतं. आणेवारीच्याच दिवसांत, जीपमधून उतरून, चावडीत तलाठ्याच्या टेबलाशी बसून मी लोकांना आणे विचारत होतो.

"पण तात्या, मी तर दुधाचं विचारत होतो. चूक-बरोबर विचारत होतो."

"इचारायचं एक आन लिवून घ्यायचं दुसरं, ही तर सरकारची रीतच हाय. आमी म्हणलं, आणे इचारतोय न्हवं? मंग कमीच सांगायचं." मग त्यांनी बशी खाली ठेवली. "सोसायटीचं तेवढं नक्की न्हवं? कडबा संपलाय. दूध इकायला जागा न्हाय झाली तर चैतात म्हशी बाजारात न्याव्या लागतील."

"बघू," मी म्हणालो. तुमचं गाव नीतीत नापास झालंय आणि ते मी केलंय, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

तिथून मी सुगंधाबाईंकडं गेलो. त्या शेण सारत होत्या.

"बाई, सगळ्यांना ती आणेवारी वाटली. तुम्हालाही?"

"व्हय की."

"मग कमी सांगितलं तर गावाचा फायदा, हे ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? बाकी चारच सांगितलं की म्या."

"मग तो एक सोळा?"

त्यांनी हात धुतले. "माह्या माहेरी डेरी हाय. तिथं दोन क्यान असतेत. एक त्यांचा, एक आमचा. गाडीत दोन्ही शेजारी. शहरात गेलं की एकाच टाकीत पडतंय. मंग गावातच कशाला दोन?" मग म्हणाल्या, "आन साहेब, पाण्याचं कमी सांगितलं त्यानं काय बिघडत न्हाय. पर हे कमी सांगितलं असतं तर कागदावर तसंच ऱ्हायलं असतं. उद्या कुणीबी म्हणलं असतं, सुगंधाबाईला सोताला चार आणेच वाटत व्हतं."

मी फॉर्मवर नसलेले तीन प्रश्न विचारले. कुठून सुचले सांगता येणार नाही.

"हे तुमच्या गावापुरतं, का सगळीकडं?"

"सगळीकडं. तुमच्या पुण्यात बी."

"सरकारनं दोन कॅनला परवानगी दिली तर?"

"तरी चुकीचंच. सरकारनं म्हणून काय व्हतंय?"

"आणि दोन कॅनचीच सोसायटी आली तर?"

या वेळी त्यांनी आधी म्हशीकडं बघितलं. "मंग म्या दूध घालणार न्हाय. तूप कढवून तुळजापूरला इकीन. नुकसान व्हईल. व्हऊ द्या."

गावात सोळा आण्यांचा दृढप्रत्यय होता. नुकसान सोसूनही न हलणारा, परवानगीनं न बदलणारा, अगदी व्याख्येत बसणारा. मी त्यावर शाईनं काट मारून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सरांपुढं उभा राहिलो.

"सर, त्या गावाचे आकडे चुकीचे आहेत. लोकांना ती आणेवारी वाटली."

सरांनी उठून दार लावून घेतलं. "हे कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला."

"म्हणजे इथं कुणाला नाही."

"नाही."

"दामले, निबंधाचं शीर्षक ठरलंय. 'अवर्षण आणि नीती.' दुसरं नाव तुमचं आहे. मार्चचंही माझ्या लक्षात आहे. सही करा."

सोळा आण्यांचा फॉर्म तयार केला तेव्हा सराव म्हणून मी तो स्वतः भरला होता. त्यातलं नववं वाक्य होतं, 'खोटं आहे हे माहीत असलेल्या कागदावर सही करणं चूक आहे.' त्यापुढं मी ठसठशीत सोळा लिहिले होते. आता मी सही केली. मन खात होतं म्हणून अहवालाच्या अगदी शेवटी, परिशिष्टात, बारीक टायपात एक वाक्य घातलं: 'काही उत्तरदात्यांनी मोजपट्टीचा अर्थ वेगळा घेतला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' कुणी वाचू नये अशाच बेतानं लिहिलेलं वाक्य होतं ते.

समितीचे अध्यक्ष निवृत्त तहसीलदार होते. त्यांनी तक्ता उघडला आणि थबकले.

"आणे? हे विचारलं कुठं?"

"गावात," मी म्हणालो.

"गावात कुठं?"

"चावडीत."

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "सबनीस साहेब, माझं आयुष्य महसुलात गेलं. चावडीत बसून आण्यांत विचारलं ना, तर माणूस स्वतःच्या आईची माया साडेतीन आणे सांगेल." मग माझ्याकडं वळले. "तुम्हाला कळलं नाही हे?"

"परिशिष्टात नमूद केलं आहे," मी म्हणालो.

त्यांनी पानं उलटून वाक्य मोठ्यानं वाचलं. "'शक्यता नाकारता येत नाही.' वा! आणि मागं जोडलेल्या फॉर्मवर हा एक सोळा का खोडलाय?"

"मला वाटलं, प्रश्न समजला नाही."

"कुणाला?"

आमचा तक्ता बाजूला पडला. समितीनं कुठल्या गावात म्हशी किती आणि रस्ता कसा हे बघून पाच गावं निवडली. त्यात माझं गाव आलं. बाहेर पडल्यावर सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परिशिष्टानं केंद्राची अब्रू वाचवली, दामले. दूरदृष्टी आहे तुमच्यात." ज्या वाक्याची मला लाज वाटत होती, तेच माझ्या शिफारसपत्रात गेलं.

दूध केंद्राच्या उद्घाटनाला तात्यांनी मला आग्रहानं बोलावलं. हार घातला, शेजारी बसवलं. समोर धुतलेले दोन कॅन ठेवले होते. एक सावलीत, दुसरा चार हात पलीकडं.

"ह्यो इकडचा, त्यो तिकडचा," तात्या हळूच म्हणाले. "माझं काय म्हणणं न्हाय, साहेब. पर लोकं ऐकत न्हाईत. भांडणतंटा नको."

दूध घालायला रांग लागली. वस्तीतल्या चार बाया आल्या, थोडं थबकल्या आणि पलीकडच्या कॅनमध्ये दूध ओतून गेल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती. शेवटी सुगंधाबाई दुधानं भरलेली कासंडी घेऊन आल्या आणि दोन्ही कॅनच्या मध्ये उभ्या राहिल्या.

तात्या गडबडले. "साहेब, तुमीच सांगा बाईला. तुमी शिकलेलं मानूस."

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. सुगंधाबाईंनीही. एक कॅन उचला, एवढंच म्हणायचं होतं. गळ्यात हार होता, लोकांनी कदाचित ऐकलंही असतं.

"मी निरीक्षक आहे," मी म्हणालो. "आम्ही हस्तक्षेप करत नाही."

"बरं," सुगंधाबाई म्हणाल्या आणि कासंडी घेऊन घरी गेल्या. तो "बरं" मला अजून ऐकू येतो.

पलीकडचा कॅन पाव भरायचा. अर्धवट कॅन खडबडीत रस्त्यावर गाडीत हिंदकळतो, ताकासारखा घुसळला जातो आणि दुधात लोणी धरतं. असं दूध पुढं परत करतात. वाशीच्या रस्त्याला तेव्हा खड्डे मोजायला सोळा गोलसुद्धा पुरले नसते. तिसऱ्या आठवड्यात गाडीवाल्यानं सांगितलं, एकच कॅन काठोकाठ भरून द्या, नाहीतर थांबणार नाही. तात्यांनी दुसरा कॅन आत नेऊन ठेवला. समाजसुधारणेचं श्रेय बांधकाम खात्याला गेलं.

मी गेलो तेव्हा सुगंधाबाई दूध ओतून परत निघाल्या होत्या. एकवीस दिवस त्यांनी तूप कढवलं होतं. एवढ्या तुपाला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, निम्मं घरातच पडून होतं.

"बाई, आता झालं ना मनासारखं?"

"त्यांनी लोण्यापायी काढला, साहेब. चुकीचं व्हतं म्हणून न्हाय." पदरानं हात पुसत म्हणाल्या, "आता एक क्यान हाय, म्या दूध घालते. तेवढंच म्हणलं व्हतं म्या."

मी चप्पल झटकत उभा राहिलो.

"त्या दिवशी तुमी गप बसलात," त्या म्हणाल्या. रागानं नाही, विचारावं तसं. "एक क्यान असावा, हे तुमाला किती आणे वाटतं?"

माझाच प्रश्न होता. मी खरं उत्तर दिलं.

"चार."

सुगंधाबाई हसायला लागल्या. "तुमाला बी सवय लागली व्हय कमी सांगायची?"

त्यांना वाटलं, मीही गावासारखंच धरून सांगतोय, आत खरं बरंच जास्त असेल. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. त्याच मार्चमध्ये माझी नोकरी कायम झाली. पुढं तीस वर्षं मी लोकांची मतं मोजली, पण कुणालाही 'किती वाटतं' म्हणून विचारलं नाही. त्यासाठी काय सोडाल, एवढंच विचारत आलो. आणि चावडीत कधीच बसलो नाही.